क्रूझवर शो बघायला एकटीने जाऊ का?

प्रश्न : माझं वय ६३. आमच्या लग्नाला ४० वर्षं होताहेत म्हणून अटलांटातल्या मुलाने सगळ्यांसाठी कॅरिबियनची क्रूझ बुक केली आहे. फ्लोरिडातून सुटणारं, रॉयल कॅरिबियनच्या ओॲसिस वर्गातलं मोठं जहाज आहे, सात रात्रींची सफर. बरोबर सून आणि दोन नातवंडं, वय ६ आणि ११. मला नाटकाचं आणि गाण्याचं वेड. लग्नाआधी गाणं शिकत होते, आणि अजूनही गडकरी रंगायतनला चांगलं नाटक लागलं की जातेच. ह्यांना आता कमी ऐकू येतं, त्यात कुणी भराभर इंग्रजी बोललं की वैतागतात. "तिथे काय, तोकड्या कपड्यांतले नाच असणार, मी केबिनमध्ये झोपेन," असं त्यांनी आत्ताच सांगून टाकलंय. मुलगा म्हणतो, सगळे शो बुक करतो, एकही सोडायचा नाही. सून म्हणते, आरामाला जातोय, धावपळ कशाला. ह्यांना केबिनमध्ये ठेवून मी एकटीच जाऊन बसले तर बरं दिसेल का? माझं इंग्रजी बेताचं, मला काही कळेल का? आणि साडी नेसलेली चालते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर :

ताई, जा. एकटीने जा आणि मनात कसलीही चुटपुट न ठेवता जा.

'बरं दिसेल का' याचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्यामागे दडलेत असं मला वाटतं. जहाजावर तुमच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. नवरा जिममध्ये आणि बायको थिएटरात, आजोबा कॅसिनोत आणि आजी पियानोपाशी, हे तिथलं रोजचं चित्र आहे. थिएटरपासून तुमच्या केबिनपर्यंतचा सगळा रस्ता एकाच छपराखाली, उजेडातला आणि माणसांच्या वर्दळीतला. रात्री साडेदहाला नाटक सुटल्यावर घोडबंदर रोडला रिक्षा शोधण्यापेक्षा तो कितीतरी सोपा. आणि तुमचे यजमान तासभर शांत झोपले, तर त्यांना टाकून गेल्यासारखं होत नाही. झोप हवी असलेल्या माणसाला ओढून खुर्चीत बसवलं, तर तो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो आणि मग शेजारच्याचाही शो जातो. हे तुम्हाला मी सांगायला नको, ४० वर्षांत अनुभवलं असेलच.

पण त्यांनी न बघताच जो निकाल दिलाय, तो मात्र मान्य करू नका. या जहाजांवरचे सगळ्यात गाजलेले दोन शो असे आहेत की त्यांत इंग्रजीचं काम जवळजवळ नाही आणि कानाचंही फारसं नाही.

पहिला बर्फावरचा. समुद्रावरच्या जहाजात स्केटिंगची रिंक पहिल्यांदा बांधली गेली ती १९९९ मध्ये, याच कंपनीच्या व्हॉयेजर ऑफ द सीजवर. ओॲसिस वर्गाच्या जहाजांवर ती चौथ्या डेकवर असते, तिचं नाव स्टुडिओ बी. शहरातल्या रिंकच्या मानाने ती फारच लहान. म्हणजे उडी घेण्याआधी वेग पकडायला स्केटरला दोन-चार ढकलेच मिळतात, आणि खालचं जहाज चालतंय. हे लक्षात ठेवून बघा. एखादी मुलगी जोडीदाराच्या हातावर आडवी होऊन डोकं बर्फापासून वीतभर अंतरावरून फिरवते, तेव्हा तुमच्या यजमानांना भाषांतराची गरज पडणार नाही.

दुसरा पाण्याचा. ॲक्वाथिएटर जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला, उघड्यावर असतं. ओॲसिस ऑफ द सीज २००९ मध्ये निघालं तेव्हा असं थिएटर समुद्रावर पहिलंच होतं. मधला तलाव पाच मीटरहून खोल. त्याचा तळ यंत्राने वरखाली होतो, त्यामुळे आत्ता जिथे नर्तक घोट्याएवढ्या पाण्यात नाचत होते, तिथेच पुढच्या मिनिटाला १० मीटर उंचीच्या फळीवरून माणूस सूर मारतो. मागे काळा समुद्र, त्यावर जहाजाने सोडलेली पांढरी रेघ. अशी बैठक जमिनीवरच्या कुठल्याच नाट्यगृहात मिळत नाही. कपडे तोकडे असतील, पोहणाऱ्यांचे असतातच. पण पहिल्या दोन मिनिटांनंतर तुमच्या यजमानांचं लक्ष कपड्यांवर राहील असं मला वाटत नाही.

त्यांना इतकंच सांगा, "हे दोन माझ्याबरोबर बघा, बाकीच्या वेळी खुशाल झोपा." प्रत्येकी तासाभराच्या आत आटोपतात. मोठ्या थिएटरात ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आवाज थेट कानाशी देणारी उपकरणं मागितल्यावर मिळतात. चढल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर विचारायला मुलाला सांगा. यजमान स्वतः विचारणार नाहीत.

आता तुमचा मुलगा आणि सून. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

मुलाला बुकिंगची घाई वाटते ती उगाच नाही. असल्या जहाजावर साधारण ५,५०० प्रवासी असतात, सुट्ट्यांच्या दिवसांत त्याहून जास्त. मोठ्या थिएटरात जेमतेम १,४०० खुर्च्या, बर्फाच्या आणि पाण्याच्या थिएटरांत त्याहून बऱ्याच कमी. म्हणून तोच शो आठवडाभरात अनेकदा होतो आणि तरीही जागा भरतात. तिकीट वेगळं नाही, भाड्यातच आलं, पण खुर्ची राखून ठेवावी लागते. काही सफरींत हे निघण्याआधीच कंपनीच्या ॲपवर करता येतं, काहींत जहाजावर चढल्यावर. ते ॲप जहाजाच्या वायफायवर चालतं, त्यासाठी इंटरनेटचं महागडं पॅकेज घ्यावं लागत नाही. मुलाला सांगा, दुपारी जहाजावर पाय ठेवला की जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी हे काम उरकून टाक.

पण 'एकही सोडायचा नाही' हे मात्र त्याच्या मनातून काढा. बर्फाचा, पाण्याचा आणि मोठ्या थिएटरातला मुख्य शो, एवढे तीन राखून ठेवा आणि बाकीच्या संध्याकाळी मोकळ्या सोडा. मोकळ्या कशासाठी, ते पुढे सांगते. माझ्या मते तुमच्यासारखीला खरा आनंद तिथेच आहे.

हे तीन कोणत्या दिवशी घ्यायचे, यावर थोडं डोकं चालवा. ॲक्वाथिएटरचा शो वाऱ्यावर अवलंबून असतो. वारा वाढला किंवा जहाज डोलू लागलं की तलावातलं पाणी एका बाजूला झेपावतं, आणि १० मीटरवरून खाली उडी मारणाऱ्याला तो तलाव जागच्या जागी हवा असतो. अशा वेळी प्रयोग रद्द होतो, आणि व्हायलाच हवा. म्हणून पाण्याचा शो सफरीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्या. शेवटच्या रात्रीवर ठेवलात आणि त्या रात्री वारा सुटला, तर तो परत दाखवायला दिवसच उरत नाही. जोराचा डोल असेल तर बर्फावरच्याही उड्या कमी करतात, पण ती रिंक आत असल्याने एवढा धोका नसतो. बर्फाचा शो पूर्ण दिवस समुद्रात असाल त्या दिवशी दुपारी मिळाला तर तोच घ्या. बेटावर दिवसभर उन्हात फिरून आल्यावर रात्री नऊच्या प्रयोगाला डोळे मिटतात. नातवंडांचे तर मिटतीलच.

जेवणाची वेळही याच्याशी बांधलेली आहे. मोठ्या डायनिंग रूममध्ये ठरावीक वेळेची पंगत घेतली असेल तर संध्याकाळची एक लवकरची आणि एक उशिराची अशा दोन वेळा असतात, आणि तिथलं जेवण सावकाश वाढलं जातं, दीड तास सहज जातो. जेवणाला बसण्याची वेळ आणि शोची वेळ यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. ते जमत नसेल तर त्या दिवशी बुफेत जेवा. शाकाहारी आणि भारतीय जेवण दोन्हीकडे मिळतं.

आणि ताई, तुम्ही तिसऱ्या घंटेची सवय असलेल्या प्रेक्षक आहात, ती सवय तिथे फार उपयोगी पडेल. राखलेली खुर्ची शो सुरू व्हायच्या सुमारे दहा मिनिटं आधीपर्यंतच राखलेली असते. त्यानंतर बाहेर थांबलेल्या बिनबुकिंगच्या रांगेला आत सोडतात. म्हणूनच बुकिंग मिळालं नाही तरी हिरमुसू नका, वीस-पंचवीस मिनिटं आधी त्या रांगेत उभं राहिलं की बहुतेक वेळा जागा मिळते. एकट्या माणसाला तर हमखास, कारण ओळीच्या मधली एक-एक रिकामी खुर्ची कुटुंबांना नको असते. हातावरचं घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेला लावून वापरा. बंदराजवळ आलं की फोन तिथली वेळ आपोआप धरतो, आणि जहाजाची वेळ कधीकधी तिच्याहून तासाने वेगळी असते.

बसायचं कुठे? मोठ्या थिएटरात अगदी पुढे नको, मान दुखते आणि नृत्याच्या रचना दिसत नाहीत. मधल्या ओळी, किंवा बाल्कनीची पहिली ओळ. हे थिएटर जहाजाच्या पुढच्या भागात असतं, तिथे डोल जास्त जाणवतो. गाडी लागत असेल तर त्या रात्री कडेची खुर्ची धरा आणि गोळी तासभर आधीच घ्या. ॲक्वाथिएटरच्या पहिल्या काही ओळी भिजतात, खुर्च्यांजवळ तशी सूचना लिहिलेली असते. नातवंडं तिथेच बसायचा हट्ट धरतील, त्यांना बसू द्या, तुम्ही वर बसा.

यातच साडीचा प्रश्न आला. चालते, आणि शोभतेही. सात रात्रींत एक-दोन संध्याकाळी खास पेहरावाच्या असतात, त्या दिवशी पैठणी काढा. फक्त ॲक्वाथिएटरला सुती किंवा पंजाबी ड्रेस, वाराही असतो तिथे. बर्फाच्या शोला शाल हवीच. मोठ्या थिएटरातला एसीसुद्धा आपल्याला सोसत नाही, स्वेटर पर्समध्येच ठेवा.

इंग्रजीचं काय, हा तुमचा प्रश्न फक्त दोन ठिकाणी खरा आहे. एक म्हणजे मुख्य शो. काही जहाजांवर तो ब्रॉडवेवरचं एखादं प्रसिद्ध म्युझिकल असतो, काहींवर कंपनीने स्वतः बसवलेला गाण्या-नाचाचा कार्यक्रम. म्युझिकल असेल तर आधी नाव कळेल. मुलाकडून गोष्ट मराठीत ऐकून घ्या आणि त्यातली चार-पाच गाणी घरीच दोन-तीनदा ऐका. संगीत नाटकात पद सुरू झालं की कथा थांबत नाही, उलट मनातलं बाहेर येतं, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. तेच इथे होतं. शब्द सुटले तरी सूर सांगतो कोण कुणावर रागावलंय. हे कलाकार हौशी नसतात. मयामीच्या उत्तरेला एका विद्यापीठाच्या आवारात कंपनीचा मोठा तालीम स्टुडिओ आहे, २०१५ पासूनचा. तिथे कित्येक आठवडे तालीम करून मग ते जहाजावर येतात आणि कित्येक महिने तेच प्रयोग करत राहतात. रोजच्या रोज, हलत्या रंगमंचावर. टाळी देताना हे आठवा.

दुसरं ठिकाण म्हणजे विनोदाचा कार्यक्रम. तो मी तुम्हाला सोडायलाच सांगेन. अमेरिकी राजकारण, टीव्ही, तिथल्या गावांचे उल्लेख, आणि सगळं भराभर. कॉमेडी क्लबचे उशिराचे खेळ तर फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी असतात आणि भाषा मोकळी असते. मुलगा आणि सून दोघंच गेले तर उत्तम.

म्हणजे त्या वेळी मुलं तुमच्याकडे, असं तुमच्या मनात लगेच आलं असेल. थांबा. जहाजावर मुलांचा क्लब आहे, तुमची दोन्ही नातवंडं त्याच्या वयात बसतात, आणि रात्री दहापर्यंत तो मोफत असतो. प्रशिक्षित माणसं असतात, मुलं रमतात. तुमची क्रूझ तुमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची आहे. नातवंडांबरोबरचा वेळ हवाच, पण सातही संध्याकाळी राखणदारीच्या होऊ देऊ नका. सुनेशी हे निघण्याआधीच बोला, तेही हसतखेळत. ती 'आराम' म्हणते आहे, तिला हे पटेल.

आता मोकळ्या ठेवलेल्या संध्याकाळी.

मोठ्या शोंच्या जाहिराती असतात, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण जहाजावर रोज संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ठिकठिकाणी माणसं समोर बसून वाजवत आणि गात असतात. स्कूनर बार नावाच्या जागी पियानोवादक असतो, लोक फर्माईश करतात आणि बरोबरीने गातात. पबमध्ये एकटा गिटारवाला. बोलेरोजमध्ये लॅटिन बँड, तिथे पन्नाशी-साठीची जोडपी काय सुंदर नाचतात. आठव्या डेकवर सेंट्रल पार्क आहे, खऱ्या झाडांची उघडी बाग, तिथे संध्याकाळी मंद वाद्यसंगीत चालू असतं. यापैकी कशालाही बुकिंग नाही, रांग नाही. पेय घ्यायची सक्ती नाही. एक लिंबूपाणी घेऊन दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. तुमच्यापासून हातभर अंतरावर माणूस वाजवतो आहे, त्याची बोटं दिसताहेत, श्वास ऐकू येतो आहे. गाणं शिकलेल्या बाईला यापेक्षा काय हवं?

दिवसा पोहण्याच्या तलावाशी स्टीलपॅन वाजत असेल तर उन्हाची पर्वा न करता जवळ जाऊन बघा. हे वाद्य त्रिनिदादचं, १९३० च्या दशकापासून तिथल्या गरीब वस्त्यांत पत्र्याच्या डब्यांतून आणि पुढे तेलाच्या पिंपांतून घडत गेलं. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करतात आणि त्यात एकेक सुराची जागा उठवतात. आता तुमच्या कामाची गोष्ट. वरच्या पट्टीच्या, सुरावट वाजवणाऱ्या पॅनवर सूर पेटीसारखे सा-रे-ग क्रमाने नसतात. कडेने फिरत गेलं की शेजारशेजारचे सूर षड्ज-पंचमाच्या नात्याने बसवलेले असतात. वादकाचा हात कुठून कुठे उडी मारतो हे बघत राहिलात तर अर्धा तास कसा गेला कळणार नाही. वाजवून झाल्यावर त्यांच्याशी बोला. मोडक्या इंग्रजीत बोला. 'मी गाते' एवढं सांगितलं तरी पुरे. वाद्य वाजवणाऱ्याला दुसऱ्या गाणाऱ्याने काय विचारलं ते कळतं, आणि तलावाकाठी पाठ करून पहुडलेल्या गर्दीत कुणीतरी नीट ऐकतंय याचं त्याला अप्रूप असतं.

कोणत्या रात्री कुठे बसावं हे कळायला छापील कार्यक्रमापेक्षा वाढपी आणि केबिन सांभाळणारी मंडळी जास्त उपयोगी. गोव्यातल्या कितीतरी घरांत तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, होण्याची परंपरा आहे, बापानंतर मुलगा जहाजावर. अशा जहाजांवर गोव्याचं, मुंबईचं कुणी ना कुणी भेटतंच. नावाच्या बिल्ल्यावर देशही लिहिलेला असतो. सरळ विचारा, "या खेपेला चांगलं कोण गातंय?" त्यांना खरं माहीत असतं, कारण ते रोज कानावर पडतं.

ज्या संध्याकाळी तुम्ही एकट्या जाल, त्या संध्याकाळी यजमानांशी शो सुटल्यावर भेटायची जागा आधी ठरवा. समुद्रावर नेहमीसारखा फोन लागत नाही, आणि सगळे मजले सारखेच दिसतात. सेंट्रल पार्कमधलं एखादं बाकडं चांगलं. ते शांत असतं, त्यांच्या कानाला त्रास नाही, आणि झोप झाल्यावर माणूस गप्पांच्या मूडमध्ये असतो. तिथे बसून काय बघितलंत ते त्यांना सांगा. तुमचं सांगणं ऐकून दुसऱ्या दिवशी ते बरोबर आले तर छान, नाही आले तरी तुमचं काही अडत नाही.

शेवटच्या रात्रीची एक सूचना. त्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, म्हणजे सकाळी त्या थेट बंदरावर मिळतात. बहुतेक कुटुंबांची ती संध्याकाळ बॅगा भरण्यात आणि 'चार्जर कुठे ठेवला' यातच जाते. तुम्ही दुपारीच बॅगा भरा, औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून ठेवा, आणि जेवण झालं की स्कूनर बारला जा. गर्दी कमी असते, पियानोवाल्याला वेळ असतो, आणि त्या आठवड्यात तुम्हाला आवडलेलं एखादं गाणं त्याच्याकडून पुन्हा मागून घेता येतं.